संमती आणि वर्गणी

टीकेचा विषय म्हणजे ग्रंथ, नाटक, चित्र किंवा गाणे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ज्या फोनवर आपण दिवसभर वाचतो, ऐकतो, आप्तेष्टांशी बोलतो, रस्ता शोधतो आणि पैसेही चुकते करतो, त्यातील ॲप्सची पारख मात्र आपण केवळ गिऱ्हाईक म्हणून करतो. ॲप चालते की अडते, फुकट आहे की विकतचे, एवढ्यावर निकाल लागतो. वस्तुतः प्रत्येक ॲप ही कोणीतरी लिहिलेली रचना होय आणि प्रत्येक रचनेत तिच्या वाचकाविषयीची एक कल्पना गृहीत धरलेली असते. वाचकाला ती माणूस समजते की माल, हा प्रश्न कादंबरीला विचारता येतो तसाच ॲपलाही विचारता येतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत खाजगीपण राखणाऱ्या आणि जाहिरातविरहित ॲप्सचा एक स्वतंत्र वर्ग तयार झाला आहे. त्यांची भलामण करणारे पुष्कळ भेटतात, परीक्षा करणारे थोडे. ती परीक्षा येथे करावी असा आमचा विचार आहे. आणि आमचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे कसोटीही आम्ही कायद्याच्या पुस्तकातूनच घेणार आहोत.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे तेरावे कलम अवघ्या एका वाक्याचे आहे. दोन पक्ष एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात तेव्हा त्यांची संमती झाली असे समजावे, हा त्याचा भावार्थ. पुढचे कलम सांगते की जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, कपट, दिशाभूल किंवा चूक यांपोटी मिळालेली संमती ही स्वेच्छेची संमती नव्हे. ही कलमे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कापसाचे सौदे आणि सावकारी व्यवहार असतील. परंतु फोनवरच्या 'मी सहमत आहे' या बटणाला लावून पाहावी अशी याहून चोख कसोटी आम्हांस ठाऊक नाही. प्रश्न साधा आहे. बटण दाबणारा ज्या गोष्टीला हो म्हणतो, तीच गोष्ट ॲपवाल्याच्या मनात असते काय?

बहुतेक फुकट ॲप्सच्या बाबतीत ती तशी नसते, हे जाहिरातीच्या यंत्रणेकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. जाहिरात ही काही नवी वस्तू नव्हे. वर्तमानपत्रे आणि मासिके तिच्या आधाराने जगली. विविध भारतीवर ती १९६७ च्या नोव्हेंबरात आली आणि श्रोत्यांनी गाण्यांबरोबर तीही ऐकून घेतली. पण मासिकाच्या मलपृष्ठावरील केशतेलाच्या जाहिरातीला आपल्यापुढे कोण बसले आहे याची वार्ताही नसे. इंदूरच्या पेन्शनरला आणि म्हापशाच्या शिक्षिकेला ती सारखीच दिसे आणि पान उलटले की तिचा संबंध संपे. आज हा क्रम उलटला आहे. पूर्वी वाचक जाहिरात वाचीत असे; आता जाहिरात वाचकाला वाचते.

हे कसे घडते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. फोनला एक जाहिरात-क्रमांक दिलेला असतो. अनेक ॲप्सच्या पोटात जाहिरात-कंपन्यांचे तयार तुकडे बसविलेले असतात. ते या क्रमांकाखाली आपल्या सवयींची नोंद ठेवतात. आपण एखादे पान उघडतो आणि ते डोळ्यांपुढे येण्यापूर्वी, निमिषार्धात, त्यावरील रिकाम्या चौकटीचा लिलाव पुकारला जातो. फोन कोणत्या बनावटीचा, वाचक साधारण कोठे आहे, त्याची आवड कोणती, अशी माहिती अनेक बोलीदारांकडे जाते आणि ज्याची बोली वरचढ त्याची जाहिरात दिसते. दिवाणी कोर्टाच्या हुकुमाने होणारे लिलाव आम्ही अनेक पाहिले आहेत. तेथे ज्याची बोली हरली तो हात हलवीत घरी जातो. या लिलावात हरलेल्या बोलीदारालाही वाचकाविषयीची माहिती मिळून चुकलेली असते, आणि ती तो पुढे कोठे ठेवतो हे वाचकाला कधी कळत नाही. 'माझ्या पानावर जाहिरात दिसली तरी चालेल' एवढ्यालाच वाचकाने मान्यता दिलेली असते. दुसऱ्या पक्षाने तिचा अर्थ 'माझी खबर बाजारात मांडावी' असा घेतलेला असतो. गोष्ट एक नाही आणि अर्थही एक नाही. तेराव्या कलमाच्या कसोटीला ही संमती उतरत नाही.

यात तिऱ्हाइताचाही प्रश्न आहे. एखादे ॲप आपली संपर्कयादी मागते आणि आपण ती देतो. पण त्या यादीतील माणसांना कोणी विचारलेले नसते. आमच्या व्यवसायात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. अशिलाने वकिलाजवळ विश्वासाने केलेले निवेदन त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. न्यायालयात जो वकील अशिलाचे नावही सांभाळून उच्चारतो, तोच दिव्याची झगमग दाखविणाऱ्या एखाद्या फुकट ॲपला संपूर्ण संपर्कयादी उघडून देतो. डॉक्टर, शिक्षक आणि पत्रकार यांचीही स्थिती याहून निराळी नाही. खाजगीपण ही केवळ स्वतःपुरती चैन नव्हे; दुसऱ्याने आपल्या स्वाधीन केलेली ती ठेव असते.

मग कायदा काय करतो, असे वाचक विचारतील. कायद्याने तत्त्व उत्तम सांगितले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपण हा मूलभूत अधिकार ठरविला आणि १९५४ व १९६२ सालच्या दोन जुन्या निर्णयांतील विरुद्ध भाग रद्द केला. त्यापाठोपाठ २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याच्या मते संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, विनाअट आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. त्यातली एक तरतूद आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय करून दिली पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत प्रारंभापासून आहे. कोंकणी १९९२ मध्ये दाखल झाली. म्हणजे बेळगावच्या किंवा बडोद्याच्या मराठी माणसाला मराठीत, आणि मडगावच्या कोंकणी माणसाला कोंकणीत, आपण कशाला मान्यता देत आहो हे वाचण्याचा हक्क या कायद्याने मान्य केला आहे. या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य कलमांना १८ महिन्यांची मुदत देण्यात आली.

तत्त्व इतके स्वच्छ असूनही आमचे समाधान होत नाही. या कायद्याखाली दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. पण तो भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाचा आहे. ज्याची माहिती फुटली त्याच्या पदरात त्यातील एक पैही पडत नाही. शासनाच्या यंत्रणांना सूट देण्याचे दारही त्यात मोठे ठेवलेले आहे. शिवाय दंड हा अपराधानंतरचा उपाय होय. व्हॉट्सॲपने २०२१ च्या जानेवारीत आपले धोरण बदलून 'मान्य करा, नाहीतर सोडा' असा पर्याय लोकांपुढे ठेवला. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला तो २०२४ च्या नोव्हेंबरात. पुढील अपिलाच्या तपशिलात येथे जाण्याचे कारण नाही. मधल्या जवळजवळ चार वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांनी बटण दाबून टाकले होते, एवढेच लक्षात घ्यावे.

खाजगीपण राखणाऱ्या ॲप्सचे खरे मोल येथे कळते. त्यांतील उत्तम ॲप्स संमतीचा प्रश्न सोडवीत नाहीत. तो उद्भवूच देत नाहीत. ज्याने काही घेतलेच नाही त्याला मागण्याची वेळ येत नाही. याचे सर्वांत लहान आणि आमच्या मते सर्वांत सुबक उदाहरण म्हणजे हेलीबोर्ड नावाचा कळफलक. फोनमधील सगळ्या ॲप्समध्ये कळफलक हा सर्वांत निकटचा. पत्र, पत्ता, परवलीचा शब्द, खोडून टाकलेले वाक्य, सारे त्याच्याच हातून जाते. अँड्रॉइड फोनमध्ये कॅमेऱ्यासाठी किंवा ठावठिकाण्यासाठी ॲपला आपली परवानगी विचारावी लागते. इंटरनेट वापरण्याची परवानगी मात्र आपणास न विचारताच मिळून जाते. हेलीबोर्डने ती परवानगी घेतलेलीच नाही. ते बाहेर काही पाठवीत नाही यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही, कारण बाहेर जाण्याचा दरवाजाच त्याने बांधलेला नाही. यावर मराठीत लिहिता येते. बोट न उचलता शब्द रेखाटण्याची सोय त्यात मुळात नाही आणि शब्द सुचविण्यातही मोठ्या कंपन्यांच्या कळफलकांइतके ते तरबेज नाही, हे दोष खरे. पण नोकर थोडा मंद असला तरी चालेल, त्याने घरातले बोलणे चव्हाट्यावर नेऊ नये, अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांना हे उणेपण सोसण्यासारखे आहे.

सिग्नल या संदेशवाहक ॲपची परीक्षा न्यायालयाच्या दारातच झालेली आहे. २०१६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एका ग्रँड ज्युरीने सिग्नलच्या चालकांकडे एका खात्याची माहिती मागितली. खाते कधी उघडले आणि ते शेवटचे कधी जोडले गेले, या दोन तारखांखेरीज त्यांच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते. आदेश मोडण्याचे कारणच पडले नाही. कायद्याचा मान राखूनही अशिलाचा विश्वास राखता येतो तो असा. निष्पक्षपणे हेही सांगितले पाहिजे की संदेशांना कुलूप लावण्याची सिग्नलची रीत व्हॉट्सॲपनेही २०१६ पासून संपूर्णपणे स्वीकारली आहे. तेथेही मजकूर कंपनीला वाचता येत नाही. फरक आहे तो पाकिटावरील पत्त्याचा. कोणी, कोणाला, केव्हा लिहिले ही माहिती सिग्नल होता होईल तो जवळ बाळगतच नाही. त्याचे वैगुण्य म्हणजे नोंदणीसाठी फोन क्रमांक अजूनही द्यावा लागतो. २०२४ पासून तो इतरांपासून लपविता येतो, इतकेच. आणि सर्वांत मोठी अडचण त्याच्या हातची नाही: आपले मामा, मावश्या, सोसायटीचे चिटणीस आणि नाट्यमंडळाचे कार्यवाह सगळे दुसरीकडे आहेत. सभाच तेथे भरत असेल तर एकट्याने दुसऱ्या दिवाणखान्यात बसून काय करावयाचे?

अशी ॲप्स मिळण्याचे एक ठिकाण म्हणजे २०१० साली सुरू झालेले एफ-ड्रॉइड हे भांडार. ज्यांचा मूळ मजकूर, म्हणजे ज्या आज्ञावलीवर ॲप उभे आहे ती, सर्वांना तपासण्यास खुली आहे, तीच ॲप्स येथे घेतली जातात. समीक्षक या नात्याने आम्हांस या भांडाराची एक रीत फार भावते. ॲपमध्ये जाहिराती असतील, पाळत असेल, किंवा ते एखाद्या बंदिस्त सेवेवर अवलंबून असेल, तर सूचीकार तसा शेरा त्याच्या नावाखाली छापतो. मोठ्या दुकानांतही माहितीच्या वापराविषयी चौकट असते. परंतु तेथील मजकूर ॲपवाल्याने स्वतः भरून दिलेला असतो. एक ग्रंथपालाचा अभिप्राय आणि दुसरा प्रकाशकाचा ब्लर्ब, हा भेद वाचकांना निराळा समजावून सांगावयास नको.

खुल्या मजकुराचा उपयोग केवळ तपासणीपुरता नाही. 'सिंपल मोबाइल टूल्स' नावाचा छायाचित्रे, दिनदर्शिका, संपर्क इत्यादींसाठी लहान लहान ॲप्सचा एक संच होता. जाहिरातींचा त्रास नाही म्हणून तो लोकप्रिय होता. २०२३ च्या अखेरीस तो एका कंपनीला विकला गेला. दुकान विकताना गिऱ्हाइकांचा विश्वासही किमतीत धरला जातो, ही व्यापारातली नित्याची गोष्ट. मात्र गिऱ्हाइकांना कोणी विचारीत नाही. येथे निराळे घडले. मूळ आज्ञावली खुली असल्यामुळे त्याच संचावर काम केलेल्यांनी तीच रचना 'फॉसिफाय' या नावाने पुढे चालू ठेवली आणि ज्यांना जावयाचे होते ते तिकडे गेले. नकाशांच्या बाबतीतही असेच झाले: मॅप्स डॉट मी बदलले तेव्हा त्यातून ऑरगॅनिक मॅप्स निघाले, आणि त्याच्या कारभाराविषयी मतभेद झाले तेव्हा २०२५ मध्ये कोमॅप्स वेगळे झाले. नाटक कंपन्या फुटून नव्या कंपन्या निघण्याची परंपरा मराठी माणसाला नवी नाही. फूट पडली तरी संहिता सर्वांची राहते, हा या व्यवस्थेचा मोठाच गुण होय.

इतकी स्तुती केल्यावर या वर्गातील ढोंगाकडेही पाहिले पाहिजे. 'खाजगीपण' हा शब्द आता बाजारात चालणारे नाणे झाला आहे आणि चालणारे नाणे म्हटले की खोटे नाणेही आलेच. डकडकगो या कंपनीची सारी प्रतिष्ठा पाळत रोखण्यावर उभी. परंतु तिच्या फोनवरील ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या काही पाळत-यंत्रणांना मोकळीक होती आणि ती शोधसेवेच्या कराराने बांधलेली होती, असे २०२२ च्या मे महिन्यात उघड झाले. ओरड झाल्यावर त्याच वर्षी कंपनीने तो बंदोबस्त वाढविला. म्हणजे एका कराराचा शब्द पाळण्यासाठी दुसऱ्या कराराचा अर्थ वाकविलेला होता. स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन या टपालसेवेने २०२१ मध्ये तेथील अधिकाऱ्यांच्या आदेशावरून एका फ्रेंच आंदोलकाच्या खात्याचा आयपी पत्ता नोंदवून दिला. आदेश पाळल्याबद्दल आम्ही तिला दोष देणार नाही. कोणतीही संस्था देशाच्या कायद्याबाहेर नसते. दोष आहे तो आधीच्या जाहिरातीतील ऐसपैस आश्वासनाचा, आणि पुढे ते शब्द बदलावे लागले यातच त्याची कबुली आहे. यावरून एक नियम काढता येतो. ॲप काय वचन देते हे पाहू नये; वचन मोडावयाचे म्हटले तर त्याच्यापाशी मोडण्यासारखे काय शिल्लक आहे, ते पाहावे.

आता जाहिरातविरहित माध्यमांकडे वळू. 'जाहिरात नाही' आणि 'पाळत नाही' या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आमच्या समाजात फारसे कोणी ध्यानात घेतलेले दिसत नाही. यूट्यूब प्रीमियमची वैयक्तिक वर्गणी भारतात २०२४ च्या ऑगस्टमध्ये महिना १२९ रुपयांवरून १४९ रुपये झाली. ती भरणाऱ्याला चित्रफितीत जाहिराती दिसत नाहीत. पण तो काय पाहतो, कोठे थांबतो, कशावर रेंगाळतो याची नोंद म्हणून काही बंद होत नाही. पडदा ओढलेला आहे, खिडकी उघडीच आहे. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने आणखी पुढची पायरी गाठली. वर्गणी भरलेल्या प्रेक्षकांपुढेच २०२५ च्या जूनपासून भारतात जाहिराती आणल्या आणि त्या नको असतील तर निराळे पैसे मागितले. युरोपात मेटा कंपनीने २०२३ च्या नोव्हेंबरात 'पैसे द्या, नाहीतर माहिती वापरू द्या' असा पर्याय ठेवला होता. त्या रचनेबद्दल युरोपीय आयोगाने २०२५ च्या एप्रिलमध्ये तिला २० कोटी युरोंचा दंड केला. उपद्रव आधी निर्माण करावयाचा आणि मग त्यापासूनची सुटका विकावयाची, या व्यवहाराला चौदाव्या कलमाच्या भाषेत काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

याच्या उलट टोकाला न्यूपाइपसारखी ॲप्स आहेत. तेच यूट्यूबवरील गाणे हे ॲप जाहिरातीवाचून, खात्यावाचून ऐकविते. फायरफॉक्स ब्राउझरला यूब्लॉक ओरिजिन जोडले तर वर्तमानपत्रांच्या पानांवरील जाहिरातीही नाहीशा होतात. हे वापरणारे आमचे अनेक स्नेही आहेत आणि पाळतीला विरोध हे त्यांचे समर्थन आम्हांस पुष्कळ अंशी पटते. दार ठोठावणाऱ्या प्रत्येकाला घरात घेतलेच पाहिजे असा कायदा कोठेही नाही. पण येथे दुसऱ्या पक्षाचाही विचार केला पाहिजे. धारवाडच्या एखाद्या तरुण गायिकेने आपली मैफल यूट्यूबवर ठेवली असेल तर तिच्या वाट्याला येणारा अल्पस्वल्प पैसा त्या जाहिरातीतूनच येतो. जाहिरात कापणाऱ्याने कंपनीचा हात झटकला हे खरे; पण त्याच झटक्यात गायिकेचाही हात सुटला. गाणे मात्र त्याने पुरे ऐकले. पाळत नाकारण्याचा अधिकार आहे, म्हणून मोबदला बुडविण्याचा अधिकार आपोआप येत नाही. तो दुसऱ्या वाटेने पोचविण्याचे कर्तव्य उलट अधिक ठळक होते.

ती दुसरी वाट म्हणजे वर्गणी होय. व्हॉट्सॲपची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याचे संस्थापक जाहिरातीचे कडवे विरोधक. काही ग्राहकांकडून ते वर्षाला सुमारे एक डॉलर घेत. २०१४ मध्ये फेसबुकने ते सुमारे १९०० कोटी डॉलरांना विकत घेतले. २०१६ च्या जानेवारीत ती वर्गणी रद्द झाली आणि सर्वांनी आनंद मानला. २०२५ च्या जूनमध्ये त्याच्या 'अपडेट्स' विभागात जाहिराती येणार असे जाहीर झाले. वर्गणी गेली त्या दिवशीच जाहिरातीने पुढची जागा राखून ठेवली होती, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच दोन संस्थापकांपैकी एकाने, ब्रायन ॲक्टन यांनी, कंपनी सोडून २०१८ साली ५ कोटी डॉलर घातले आणि सिग्नल फाउंडेशन ही विनानफा संस्था उभी राहिली. तिने २०२३ च्या नोव्हेंबरात आपला खर्च लोकांपुढे मांडला. २०२५ पर्यंत वर्षाला सुमारे ५ कोटी डॉलर लागतील असा अंदाज होता आणि नव्या सभासदांचे क्रमांक पडताळणाऱ्या संदेशांवरच वर्षाला ६० लाख डॉलर जात होते. हा पैसा देणग्यांतून यावयाचा आहे. फुकट म्हणून आपण जे वापरतो, ते कोणीतरी आपल्यासाठी विकत घेत असतो. तो जाहिरातदार असावा की आपणच असावे, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे.

लहान भाषांच्या दृष्टीने हा निर्णय जगण्यामरण्याचा आहे. लिलावात वाचकाचे मोल बोलीवर ठरते. पणजीच्या कोंकणी वाचकासाठी किंवा ग्वाल्हेरच्या मराठी वाचकासाठी चढी बोली कोण लावणार? ज्या माध्यमाचे पोट जाहिरातीवर आहे ते अशा वाचकाकडे दुर्लक्ष करील किंवा त्याला उथळ आणि भडक मजकूर देऊन दिवसभर खिळवून ठेवील, कारण स्वस्त माल खपवावयाचा तर तो घाऊक खपविला पाहिजे. देवनागरी, रोमी आणि कन्नड अशा लिप्यांत विभागलेल्या कोंकणीची स्थिती तर अधिकच बिकट. आमच्या मासिकांचा जीव पूर्वीपासून वर्गणीदारांवरच टिकून आहे. वर्गणीदार पाचशे असोत वा पाच हजार, संपादकाला ते माणसे म्हणून ठाऊक असतात आणि त्यांच्या भाषेची किंमत त्यांच्या संख्येवर ठरत नाही.

जाहिरातीवाचूनची जी माध्यमे आज उभी आहेत त्यांत आमच्या भाषांना जागा आहे आणि ती कोणाच्या बोलीवर अवलंबून नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ साली मुक्त परवान्याखाली खुला केला. किविक्स नावाच्या ॲपवर विकिपीडिया फोनमध्ये उतरवून घेऊन नेटवाचूनही वाचता येतो. ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली निघालेल्या लोकनकाशात एकाच गावाची नावे वेगवेगळ्या भाषांत शेजारी शेजारी नोंदविण्याची सोय आहे. सीमाभागात पाटी कोणत्या लिपीत असावी यावर किती शक्ती खर्च झाली हे बेळगावकरांना सांगणे नको. या नकाशात 'बेळगाव' लिहिल्याने कन्नड नाव पुसले जात नाही आणि कन्नड नाव राहिल्याने 'बेळगाव' अडत नाही. मात्र ते लिहावयाला कोणीतरी बसले पाहिजे. ऐकण्यासाठी अँटेनापॉड हे ॲप आहे. पॉडकास्टची आपली यादी ते फोनातच ठेवते, खाते मागत नाही; निवेदकाने स्वतः वाचलेली जाहिरात मात्र त्यातही ऐकावी लागते, आणि ती जुन्या रेडिओसारखी सर्वांना सारखीच असल्यामुळे तिच्याविषयी आमची तक्रार नाही.

या साऱ्या ॲप्सवर एक आक्षेप राहतो आणि तो गंभीर आहे. यांतील बरीच ॲप्स इंग्रजी जाणणाऱ्या, खटपट्या, तरुण माणसांनी आपल्यासारख्यांसाठीच लिहिलेली वाटतात. एफ-ड्रॉइड बसविताना फोन धोक्याच्या सूचना देतो. मराठी अनुवाद अनेक ठिकाणी अर्धे पडलेले असतात. अडले तर विचारावयाला खिडकी नाही. हैदराबादच्या एखाद्या वृद्ध मराठी गृहिणीला ही सोय म्हणजे दूरच्या डोंगरावरचे देऊळ वाटावे. ज्या संमतीचा अर्थ आपल्या भाषेत कळत नाही ती संमती नव्हे, हा न्याय आम्ही मोठ्या कंपन्यांना लावला. तोच यांनाही लावला पाहिजे. जे खाजगीपण केवळ जाणकारांना साधते ते हक्काच्या पदवीला पोचत नाही, कौशल्याच्या पातळीवरच राहते. फरक इतकाच की येथील उणीव भरून काढण्याचे काम कोणाच्या परवानगीवर अडलेले नाही. हे अनुवाद स्वयंसेवकच करतात. आमच्या सांस्कृतिक मंडळांनी आणि वाचनालयांनी वर्षातून एखादे व्याख्यान कमी करून एखाद्या ॲपचा मराठी किंवा कोंकणी अनुवाद पुरा केला, तर ती भाषेची सेवा व्याख्यानापेक्षा कमी ठरणार नाही.

आमचा निर्णय असा. खाजगीपण राखणारी ॲप्स रूपाने साधी, क्वचित ओबडधोबड आणि कधीकधी अहंमन्यही आहेत. परंतु वाचकाशी केलेला करार एकाच अर्थाने पाळण्याची त्यांतील उत्तमांची रीत आजच्या बाजारात दुर्मिळ आहे. त्यांना स्वीकारावयाचे तर दोन्ही अंगांनी स्वीकारले पाहिजे. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन जाहिरात-क्रमांक पुसून टाकणे, कळफलक बदलणे, ज्याचे काम नाही त्याची परवानगी काढून घेणे, हे पहिले अंग होय आणि ते एका संध्याकाळचे काम आहे. जे गायक, लेखक, संपादक आणि ॲपकार आपल्याला काही देतात त्यांच्याकडे वर्षाकाठी थोडी का होईना वर्गणी पोचविणे, हे दुसरे. पहिले करून जो दुसरे टाळतो त्याने बाजाराची पाळत चुकविली, पण बाजाराचा फुकटेपणा मात्र घरी आणला. आमच्या समाजाने मासिके, ग्रंथसंग्रहालये आणि नाट्यमंडळे जन्मभूमीपासून दूर राहूनही वर्गणीवर चालविली आहेत. ती सवय आता फोनपर्यंत नेली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.